मारहाण करणाऱ्याच्या घरातली बंदूक: अमेरिकेचा कायदा कुठे पोचतो आणि कुठे अडतो

अमेरिकेत बायकोला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. तसा केंद्राचा कायदा आहे आणि तो 1996 पासून आहे. वाचायला एका ओळीचा मामला. पण त्या ओळीतल्या जवळपास प्रत्येक शब्दाचा कोर्टात कीस पाडला गेला आहे. बायको म्हणजे कोण? लग्न न झालेली, वेगळी राहणारी मैत्रीण त्यात येते का? मारहाण म्हणजे किती, नुसतं ढकललं तर ती मारहाण का? दोषी ठरला तो कुठल्या कलमाखाली? शिवाय एक प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर केंद्राच्या कायद्यात जवळजवळ नाहीच: त्याच्या कपाटात आधीपासून जी बंदूक आहे ती बाहेर काढायला जायचं कोणी?

अमेरिकेतल्या बंदुकांची चर्चा आपल्या कानावर येते ती बहुतेक वेळा एखाद्या शाळेत किंवा मॉलमध्ये गोळीबार झाला की. घरातला गोळीबार एका दिवसाच्या स्थानिक बातमीत संपतो. प्रत्यक्षात सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने 2003 ते 2014 या काळातल्या, 18 राज्यांमधल्या महिलांच्या खुनांचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध केला. ज्या खुनांमागची परिस्थिती कळली होती त्यांपैकी निम्म्याहून अधिक खून जोडीदाराच्या किंवा माजी जोडीदाराच्या हिंसेशी जोडलेले होते. महिलांच्या एकूण खुनांपैकीही निम्म्याहून जास्त खून बंदुकीने झाले होते. त्याआधी 2003 मध्ये जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 शहरांमधल्या खुनांचा अभ्यास केला होता. मारणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर त्या बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाच पट होतो, असं त्यात दिसलं.

कॅम्पबेल मूळच्या परिचारिका. त्यांनी 1985 मध्येच एक प्रश्नावली तयार केली होती. पोलीस, परिचारिका आणि आश्रयगृहांतले कार्यकर्ते आजही ती वापरतात. तुम्ही गेल्या वर्षभरात त्याला सोडून निघून गेलात का, त्याने कधी गळा दाबला का, त्याच्याकडे बंदूक आहे का, असे साधे प्रश्न आहेत. बाईने 'हो, आहे' म्हटलं की धोक्याचा अंदाज वर सरकतो. कायद्याला जे समजायला बरीच वर्षं लागली, ते या कागदावर आधीच लिहिलेलं होतं.

किरकोळ गुन्ह्याची पळवाट

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत गुन्ह्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत: गंभीर गुन्हा, म्हणजे फेलनी, आणि किरकोळ गुन्हा, म्हणजे मिस्डिमीनर. फेलनीसाठी एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते. 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्याने फेलनीत दोषी ठरलेल्यांना बंदूक बाळगायला मनाई केली. त्यामुळे बायकोवर जीवघेणा हल्ला करणाऱ्याचा बंदोबस्त झाला, असं कोणालाही वाटेल.

अडचण अशी की घरातली मारहाण फेलनीपर्यंत पोचतच नसे. काही ठिकाणी ती मुळात किरकोळ गुन्हा म्हणूनच नोंदली जाई. जिथे गंभीर कलम लागायचं तिथेही सरकारी वकील आणि आरोपी यांच्यात तडजोड व्हायची. आरोपी हलक्या कलमाखाली गुन्हा कबूल करायचा, खटला टळायचा आणि कोर्टाचा वेळ वाचायचा. कधी बाई साक्ष द्यायला घाबरायची आणि वकिलाच्या हातात दुसरं काहीच उरायचं नाही. निकाल एकच: तोंड फोडलं ते घरातल्या बाईचं असेल तर कागदावर गुन्हा किरकोळ आणि बंदूक शाबूत.

पहिली दुरुस्ती 1994 मध्ये आली, आणि तिने शिक्षेची वाट पाहणं सोडलं. दिवाणी कोर्टाने ज्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश, म्हणजे जोडीदाराला त्रास देऊ नको, धमकावू नको असा आदेश दिला आहे, त्याला तो आदेश असेपर्यंत बंदूक बाळगता येणार नाही. मात्र त्याला अटी आहेत. त्या माणसाला सुनावणीची नोटीस मिळालेली हवी आणि आपली बाजू मांडायची संधी मिळालेली हवी. तो जोडीदाराच्या किंवा मुलाच्या जिवाला खरोखर धोका आहे असं कोर्टाने म्हटलेलं हवं, नाहीतर निदान त्याला बळ वापरायला स्पष्ट शब्दांत मनाई केलेली हवी.

नोटिशीची अट न्यायाची आहे, एखाद्याचं म्हणणं न ऐकता त्याचा हक्क काढून घेऊ नये. पण तिची एक बाजू अशी: बाई कोर्टात धावत जाते तेव्हा न्यायाधीश त्याच दिवशी, त्याला न ऐकता, तात्पुरता आदेश देतात. पूर्ण सुनावणी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी होते. केंद्राची बंदूकबंदी या तात्पुरत्या आदेशाला लागू होत नाही. त्याला सोडून गेल्यानंतरचा काळ धोक्याचा असतो हे कॅम्पबेल यांच्या प्रश्नावलीतही आहे, आणि नेमके त्यातले पहिले दिवस मोकळे राहतात. काही राज्यांनी आपापल्या कायद्यांनी ही फट बुजवली आहे, काहींनी नाही.

दुसरी दुरुस्ती 1996 ची, न्यू जर्सीचे सिनेटर फ्रँक लॉटनबर्ग यांची. आजही लोक तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. तिच्याप्रमाणे घरगुती हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यालाही बंदूक बाळगता येत नाही, आणि ही मनाई कायमची आहे. कायदा व्हायच्या आधी झालेली शिक्षाही धरली जाते. मोडणाऱ्याला आधी 10 वर्षांपर्यंत कैद होती, 2022 पासून ती 15 वर्षांपर्यंत आहे.

या दुरुस्तीतला सर्वांत खमंग वाद पोलिसांचा. संरक्षण आदेशाच्या कलमात पोलीस आणि सैनिक यांना सरकारी कामापुरती सवलत आहे. लॉटनबर्ग यांच्या कलमात ती नाही. दहा वर्षांपूर्वी घरात हात उगारल्याबद्दल किरकोळ गुन्हा कबूल केलेल्या हवालदाराला एका सकाळी कळलं की आता कमरेची सरकारी बंदूकही बाळगता येणार नाही. बंदुकीविना गस्तीचा पोलीस म्हणजे नोकरीच गेली. पोलिसांच्या संघटनेने खटला भरला. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने 1998 मध्ये आधी त्यांच्या बाजूने कौल दिला आणि फेरसुनावणीनंतर 1999 मध्ये तो फिरवला. मला स्वतःला सवलत नसणंच योग्य वाटतं. घरी मार खाणाऱ्या पोलिसाच्या बायकोने तक्रार करायची ती त्याच्याच सहकाऱ्यांकडे, आणि तिच्या वाट्याला कायदाही अर्धाच यावा, याला काही अर्थ नाही.

बायको कोण, मारहाण किती

1990 च्या दशकातल्या या कायद्यांनी 'जोडीदार' ठरवला तो नवरा-बायको, माजी नवरा-बायको, एका मुलाचे आईबाप, किंवा एकत्र राहणारे अथवा पूर्वी राहिलेले, असा. दोन वर्षं प्रेमसंबंध होते, पण घर वेगळं आणि मूल नाही, तर तो जोडीदार नव्हे. त्याने तिला कितीही मारलं आणि किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरला, तरी केंद्राच्या कायद्याला त्याच्या बंदुकीशी देणंघेणं नव्हतं. याला तिकडे 'बॉयफ्रेंड लूपहोल' म्हणतात. महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्याचं नूतनीकरण करताना ही फट बुजवायचे प्रयत्न झाले. बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेचा, एनआरएचा, त्याला विरोध होता. मार्च 2022 मध्ये तो कायदा मंजूर झाला तेव्हा हा मुद्दा त्यातून गळलेला होता.

मग मे 2022 मध्ये बफेलोचं सुपरमार्केट आणि युवाल्डीची शाळा, असे दहा दिवसांत दोन मोठे गोळीबार झाले. दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी तडजोडीचं विधेयक आणलं आणि अध्यक्ष बायडेन यांनी 25 जूनला त्यावर सही केली. फट बुजली, पण निम्मी. 'प्रेमसंबंधातल्या' जोडीदाराला मारल्याबद्दल किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलं तर आता बंदूकबंदी आहे. मात्र ती फक्त कायदा झाल्यानंतरच्या शिक्षांना लागू, आणि तसा पहिलाच गुन्हा असेल व पुढे पाच वर्षं काही आगळीक केली नाही तर हक्क परत. बायकोला मारणाऱ्याची बंदी कायमची, प्रेयसीला मारणाऱ्याची पाच वर्षांची. एकाच फटक्याचे दोन हिशेब कशासाठी, याचं तर्काने देता येईल असं उत्तर नाही. मतांची गोळाबेरीज, एवढंच. संरक्षण आदेशाच्या कलमाला तर या दुरुस्तीने हातही लावला नाही. तिथली व्याख्या 1994 चीच आहे.

आता मारहाणीची व्याख्या. तीन खटले आहेत आणि तिन्हींत बचाव पक्षाचा सूर एकच: माझा जुना गुन्हा तुमच्या कलमात बसत नाही.

हेज खटल्यात (2009) आरोपीने 1994 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात तेव्हाच्या बायकोला मारल्याची कबुली दिली होती, पण ती साध्या मारहाणीच्या कलमाखाली. त्या कलमात 'बायको' हा शब्दच नव्हता. तेव्हा हा घरगुती गुन्हा कसा, असा त्याचा सवाल. अनेक राज्यांत तेव्हा घरगुती हिंसेचं वेगळं कलमच नव्हतं. त्याचं म्हणणं मानलं असतं तर लॉटनबर्ग यांची दुरुस्ती तिथे जन्मतःच निकामी ठरली असती. सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी ते फेटाळलं. नातं कलमात लिहिलेलं असायची गरज नाही, सरकारी पक्षाने ते सिद्ध केलं म्हणजे झालं.

कॅसलमन खटल्यात (2014) प्रश्न होता बळ किती हवं. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलं की घरगुती हिंसा ही नुसती 'घरात झालेली हिंसा' नव्हे. बाहेर जिला कोणी हिंसा म्हणणार नाही अशी ढकलाढकल, केस ओढणं, दंड करकचून धरणं, हे घराच्या चार भिंतींत साचत जातं आणि एकाला दुसऱ्याच्या मुठीत ठेवतं.

तिसरा व्हॉइझिन खटला (2016) मेन राज्यातला, आणि त्याची सुरुवात कोणी कल्पनाही करणार नाही अशी आहे: एक मेलेला गरुड. टकला गरुड हा अमेरिकेचा राष्ट्रीय मानचिन्हावरचा पक्षी, त्याला मारणं केंद्राच्या कायद्याने गुन्हा. त्या तपासात संशयिताकडे रायफल निघाली, आणि मग 2004 मधली मैत्रिणीला मारल्याची जुनी कबुली निघाली. मेनच्या कलमात मुद्दाम केलेली मारहाण आणि बेफिकिरीने केलेली इजा हे दोन्ही एकत्र होतं. बेफिकिरी पुरेशी आहे का? कोर्टाने सहा विरुद्ध दोन मतांनी 'हो' म्हटलं. या सुनावणीत आणखी एक गोष्ट घडली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस दहा वर्षं सुनावणीत एकही प्रश्न विचारत नसत. त्या दिवशी त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं की किरकोळ गुन्ह्यासाठी घटनेने दिलेला हक्क काढून घेतल्याचं दुसरं एखादं उदाहरण सांगता का. ते मला पटतात असं नाही, पण प्रश्न पोकळ नव्हता, आणि पुढे तो वेगळ्या रूपात परत आलाच.

दुकानातला कागद

परवानाधारक दुकानात बंदूक घ्यायला गेलं की समोर फॉर्म 4473 येतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, आणि मग हो-नाहीचे चौकोन. जोडीदाराला किंवा मुलाला त्रास देण्यापासून, पाठलाग करण्यापासून, धमकावण्यापासून रोखणारा कोर्टाचा आदेश तुमच्यावर आहे का? घरगुती हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात कधी दोषी ठरला आहात का? ग्राहक खुणा करतो, सही करतो. खोटं लिहिणं हाही गुन्हा. दुकानदार मग एफबीआयच्या यंत्रणेकडे चौकशी करतो. ही यंत्रणा 1998 पासून चालू आहे. उत्तर तीनपैकी एक: विका, थांबा, विकू नका.

'थांबा' या उत्तरात गोम आहे. कामकाजाच्या तीन दिवसांत पक्कं उत्तर आलं नाही तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक विकू शकतो. किरकोळ गुन्ह्याची फाईल एखाद्या तालुकावजा कोर्टाच्या तळघरात असते. तिच्यात आरोपी आणि मार खाणारी व्यक्ती यांचं नातं लिहिलेलं असेलच असं नाही. ते शोधायला तीन दिवस पुरत नाहीत. शिवाय हे सगळं परवाना असलेल्या दुकानापुरतं. ओळखीच्या माणसाकडून रोखीने बंदूक घेतली तर केंद्राचा कायदा कसलीही तपासणी मागत नाही. बरीच राज्यं मागतात, बाकीच्यांत मामला मोकळा.

आणि नोंद मुळात पोचलीच नाही तर? 5 नोव्हेंबर 2017 ला टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्ज या छोट्या गावात रविवारच्या प्रार्थनेत एकाने गोळीबार केला. मृतांची संख्या 26 धरली जाते, त्यात एक न जन्मलेलं मूल आहे. मारेकऱ्याची सासू त्या चर्चमध्ये जायची. तो हवाई दलात होता, आणि बायकोला व तिच्या लहान मुलाला मारल्याबद्दल 2012 मध्ये त्याला लष्करी कोर्टाने शिक्षा दिली होती. कायद्याने तो कधीच बंदूक घेऊ शकत नव्हता. पण हवाई दलाने शिक्षेची माहिती एफबीआयला कळवलीच नाही. तो दुकानात गेला, फॉर्म भरला, संगणकाने हिरवा कंदील दाखवला, हे एकदा नव्हे, अनेकदा झालं. 2021 मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी या हत्याकांडाची 60 टक्के जबाबदारी सरकारवर टाकली, मारेकऱ्यापेक्षाही जास्त. 2023 मध्ये सरकारने पीडित कुटुंबांशी साडेचौदा कोटी डॉलरच्या आसपास रकमेवर तडजोड केली.

राहिमी: एका नालायक आरोपीचा महत्त्वाचा खटला

2022 च्या जूनमधला तो आठवडा विचित्रच होता. 23 तारखेला सिनेटने बॉयफ्रेंडची फट बुजवणारं विधेयक मंजूर केलं. त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाचा ब्रुएन निकाल आला. 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती नागरिकाला शस्त्र बाळगायचा हक्क देते, हे कोर्टाने 2008 मध्येच वैयक्तिक हक्क म्हणून मान्य केलं होतं. ब्रुएनमध्ये न्यायमूर्ती थॉमस यांनी नवी कसोटी दिली: बंदुकीवरचा आजचा निर्बंध टिकायचा असेल तर सरकारने देशाच्या जुन्या इतिहासात त्याच्याशी जुळणारी परंपरा दाखवावी.

घरगुती हिंसेसाठी ही कसोटी म्हणजे सापळा होता. बायकोला मारणाऱ्याची बंदूक जप्त करा असा अठराव्या शतकातला कायदा सापडणार कुठून? तेव्हा लग्न झालेल्या बाईचं कायद्यातलं स्वतंत्र अस्तित्व नवऱ्यात विरून गेलेलं असे. नवऱ्याने हात उचलणं बहुतेक कोर्टांच्या दृष्टीने घरातला मामला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

त्या कसोटीवर जो खटला चढला त्याचा नायक शोधून सापडला नसता इतका वाईट होता. डिसेंबर 2019 मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये राहिमी नावाच्या तरुणाने आपल्या मुलाच्या आईला पार्किंगमध्ये ओढत नेऊन गाडीत ढकललं, तिचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. कोणीतरी पाहतंय हे दिसताच त्याने बंदूक काढली आणि ती पळून जात असताना गोळी झाडली. नंतर फोन करून सांगितलं, कोणाला बोललीस तर तुला गोळी घालीन. फेब्रुवारी 2020 मध्ये कोर्टाने दोन वर्षांचा संरक्षण आदेश दिला. पुढे डिसेंबर 2020 आणि जानेवारी 2021 मध्ये झालेल्या, एकामागून एक पाच गोळीबारांचा त्याच्यावर संशय आला. एक तर बर्गरच्या दुकानात, मित्राचं क्रेडिट कार्ड चाललं नाही म्हणून हवेत. पोलिसांनी त्याच्या खोलीची झडती घेतली तेव्हा तिथे बंदुका सापडल्या आणि संरक्षण आदेशाची प्रतही. त्याला सहा वर्षांहून अधिक कैद झाली.

फेब्रुवारी 2023 मध्ये फिफ्थ सर्किट या अपील कोर्टाने 1994 चं कलमच घटनाबाह्य ठरवलं, कारण इतिहासात तसा कायदा नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सुनावणीत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बचावाच्या वकिलाला विचारलं, तुमचा अशील धोकादायक आहे यात शंका नाही ना? वकील म्हणाले, धोकादायक कशाला म्हणायचं त्यावर आहे. रॉबर्ट्स यांचं उत्तर साधारण असं: लोकांवर गोळ्या झाडणं ही बरी सुरुवात आहे.

21 जून 2024 ला आठ विरुद्ध एक असा निकाल आला. रॉबर्ट्स म्हणाले, जुन्याची हुबेहूब प्रत मागितलेली नाही, तत्त्व जुळलं म्हणजे पुरे. आणि तत्त्व जुनं आहेच. पूर्वी कोणी हिंसा करील अशी भीती वाटली की दंडाधिकारी त्याच्याकडून शांततेची हमी म्हणून जामीन घेत. अठराव्या शतकातल्या कायदेपंडितांच्या लिखाणात बायको नवऱ्याविरुद्ध असा जामीन मागू शकते असं नोंदलेलंही आहे. शस्त्र परजून लोकांना घाबरवणाऱ्याची शस्त्रं जप्त करणारे कायदेही होते. ही दोन्ही जोडली की जो दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका आहे असं कोर्टाने ठरवलं, त्याची बंदूक तात्पुरती काढून घेता येते. एकटे थॉमस विरोधात राहिले, म्हणजे ब्रुएन लिहिणारेच. बाकीच्यांपैकी पाच न्यायमूर्तींनी आपापलं वेगळं टिपण जोडलं. इतिहासाची कसोटी नेमकी कशी लावायची यावर एकमत नसल्याची ती खूणच म्हणावी लागेल.

निकाल मुद्दाम अरुंद ठेवला आहे. धोका असल्याचं कोर्टाने स्वतः नोंदवलं असेल तेवढ्यापुरताच तो बोलतो. ज्या आदेशात तशी नोंद नाही, फक्त बळ वापरू नका असं आहे, त्यांचं काय, हे कोर्टाने उघडं ठेवलं. इथे विरोधकांचा एक मुद्दा ऐकण्यासारखा आहे. संरक्षण आदेश दिवाणी कोर्टातले असतात, आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, सुनावणी कधी काही मिनिटांत उरकते. घटस्फोटाच्या भांडणात दोघांवरही एकमेकांविरुद्ध आदेश काढले जातात, आणि मग बंदूक जाते ती मार खाणाऱ्या बाईचीही. फिफ्थ सर्किटच्या एका न्यायाधीशांनी हे लिहिलंही होतं. यावर उपाय सुनावणी नीट घेणं आणि धोक्याची नोंद स्पष्ट लिहिणं हा आहे. कलमच उडवून लावणं हा नव्हे.

गेलेला हक्क परत मिळवायचं एक दार 30 वर्षांहून जास्त काळ बंद होतं, कारण संसदेने त्या कामाला पैसाच दिला नव्हता. 2025 मध्ये न्याय विभागाने ते वेगळ्या मार्गाने उघडलं. त्या एप्रिलमध्ये ज्यांना बंदुकीचा हक्क परत मिळाला त्यांत अभिनेता मेल गिब्सन होता. 2011 मध्ये घरगुती मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यात त्याने आरोप न नाकारता शिक्षा स्वीकारली होती.

कपाट उघडायचं कोणी

केंद्राचा कायदा म्हणतो, याला बंदूक बाळगता येत नाही. बंदूक आणून द्या, अमुक दिवसांत, अमुक ठिकाणी, असं तो सांगत नाही. ते राज्यांवर आहे, आणि राज्यागणिक तऱ्हा वेगळी.

न्यायाधीशापुढची पहिली अडचण म्हणजे या माणसाकडे किती बंदुका आहेत हेच त्यांना माहीत नसतं. अमेरिकेत बंदुकांची केंद्रीय नोंदवही नाही. 1986 च्या कायद्याने तशी नोंदवही ठेवायला बंदीच घातली आहे. 2018 च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे तिथे नागरिकांकडे 39 कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. तेव्हा 'किती आहेत?' हे विचारायचं कोणाला, तर त्यालाच. तो म्हणतो एक आहे, ती भावाला देऊन टाकली. झालं. काही राज्यांत नातेवाइकाकडे ठेवायला परवानगीही आहे, आणि भाऊ पुढच्या गल्लीत राहतो.

कॅलिफोर्नियाची पद्धत त्यातल्या त्यात ठाम. आदेश हाती पडल्यापासून 24 तासांत बंदुका पोलिसांकडे किंवा परवानाधारक दुकानात जमा करायच्या. पोलीस आदेश बजावायला आले आणि त्यांनी मागितली तर तिथल्या तिथे. आणि जमा केल्याची पावती 48 तासांत कोर्टात दाखल करायची. ही पावती सगळ्यात महत्त्वाची, कारण ती आली नाही की कोर्टाला कळतं की काहीतरी राहिलंय. पण कळल्यावर कोणीतरी उठून जावं लागतं.

जाणं पोलिसांना बंधनकारक आहे का, याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने 2005 च्या कॅसल रॉक खटल्यात दिलं आहे. कोलोरॅडोतल्या एका आईच्या हातात संरक्षण आदेश होता. 1999 मधल्या एका संध्याकाळी विभक्त नवऱ्याने तिन्ही मुलींना नेलं. ती रात्रभर पोलिसांना फोन करत राहिली, शेवटी ठाण्यात जाऊन बसली. पोलीस थांबा म्हणत राहिले. त्याने त्याच संध्याकाळी पिस्तूल विकत घेतलं होतं. पहाटे तो ठाण्यावरच गोळ्या झाडत आला आणि मारला गेला. गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह होते. कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी म्हटलं की आदेशाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घेणं हा त्या आईचा घटनात्मक हक्क नव्हता.

सिएटल ज्या किंग काउंटीत आहे तिथे 2018 पासून घरगुती हिंसेतल्या बंदुकांसाठी एक खास पथक काम करतं. त्यात पोलीस आहेत, सरकारी वकील आहेत आणि पीडितांच्या बाजूने बोलणारे कार्यकर्तेही. ते आधी बाईशी बोलतात. बंदुका किती, कुठल्या, पलंगाखाली असतात की गाडीत, फोटो आहेत का, तो शिकारीला कोणाबरोबर जातो. मग ही यादी घेऊन दारात जातात. त्याने एक दिली आणि यादीत चार असतील, तर उरलेल्या तीन कुठे, हा प्रश्न विचारता येतो. कामाचं स्वरूप असं कंटाळवाणं, फोन आणि पाठपुराव्याचं आहे, आणि त्याला माणसं आणि पगार लागतात. बहुतेक काउंट्यांकडे तेवढीही तजवीज नाही.

1991 ते 2015 या काळातल्या राज्यवार कायद्यांची आणि जोडीदाराकडून झालेल्या खुनांची तुलना करणारा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. संरक्षण आदेश असलेल्यांना बंदूकबंदी आणि सोबत हातातल्या बंदुका जमा करायची सक्ती, अशी दोन्ही कलमं असलेल्या राज्यांत बंदुकीने होणारे असे खून सुमारे 14 टक्के कमी दिसले. नुसती बंदी, जमा करायची सक्ती नाही, अशा कायद्यांबाबत तसा ठळक फरक दिसला नाही. असे अभ्यास संबंध दाखवतात, कार्यकारणाची खात्री देत नाहीत, आणि राज्या-राज्यांत इतर शंभर फरक असतात. तरी राज्यांच्या विधिमंडळांत अलीकडे जी विधेयकं येतात, ती नव्या बंदीपेक्षा जमा करायची मुदत, पावती आणि झडतीचा अधिकार यांवर जास्त बोलतात.